मदरबोर्डाची नाडी बघणाऱ्या आत्याबाई

सबंध परभणी जिल्ह्यात मदरबोर्डाचं दुखणं खऱ्या अर्थानं कुणाला कळत असेल, तर ते माझ्या बायकोच्या आत्याला, असं मी छातीठोकपणे सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं आपला बंद पडलेला कॉम्प्युटर पोत्यात घालावा, झरीच्या पुढं तीन-चार किलोमीटरवर आमचं गाव आहे तिथं उतरावं आणि ‘सिस्टरबाईचं घर’ असं विचारावं. कुत्रंसुद्धा दाखवील. शहरातल्या दुकानदारांना दोनच वाक्यं येतात, ‘मदरबोर्ड गेला’ आणि ‘नवीनच घ्या’. आत्याबाईंना या दोन्ही वाक्यांचा इतका तिटकारा आहे, की त्यांच्यासमोर ‘गेला’ हा शब्द मी बस गेली, पाऊस गेला अशा निरुपद्रवी कामासाठीसुद्धा जपून वापरतो.

आत्याबाई म्हणजे आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. सरकारनं वय झालं म्हणून निवृत्त केलं म्हणून सुटल्या, नाहीतर अजून गावातल्या लेकरांच्या मांड्यांत सुया टोचत बसल्या असत्या. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नाही, भावजय वारल्यावर भाचीला म्हणजे माझ्या बायकोला यांनीच वाढवलं. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, म्हणून टायपिंग शिकावं या साध्या इराद्यानं त्यांनी एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला, तो वर्षाच्या आत बंद पडला आणि एका दुकानदारानं त्याच्याकडं धड न बघताच सांगितलं, “मदरबोर्ड गेला, मावशी.” आत्याबाईंनी विचारलं, “कशानं गेला?” दुकानदार म्हणाला, “असाच गेला.” झालं! पस्तीस वर्षं ज्या बाईनं मृत्यूच्या नोंदीत ‘कारण’ हा रकाना कधी कोरा सोडला नाही, तिला हा माणूस ‘असाच’ म्हणत होता. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उचलला, एसटीत मांडीवर घेऊन बसल्या, घरी आणला आणि ज्या बाजेवर बसवून त्या गावाला इंजेक्शनं द्यायच्या त्याच बाजेवर तो उघडला. पुढची दोन वर्षं मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघण्यात गेली. नोकरीच्या सुरुवातीला चारठाण्याकडं असताना मोहल्ल्यातल्या बायकांची बाळंतपणं करून करून त्यांची दखनी उर्दू पक्की झालेली, त्यामुळे हिंदी अडलं नाही. जे अडलं ते त्यांनी त्या डबड्यालाच विचारलं असावं.

त्यांची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा अ‍ॅप्रन घालायचा, केस बांधायचे. मग तांब्याच्या तारेचं एक टोक मनगटाला आणि दुसरं खिडकीच्या गजाला बांधायचं. अंगातली वीज उतरून जावी, चिपला झटका बसू नये, म्हणून हा बंदोबस्त. पण हे ज्याला माहीत नाही त्याला दिसतं एवढंच, की एक म्हातारी खिडकीला तारेनं बांधून ठेवलेली आहे. नवीन पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं पत्र तिथंच टाकलं आणि तडक सरपंचाला गाठलं, “बाईला घरच्यांनी बांधून घातलंय हो!” सरपंच धावत आले, तर आत्याबाई आतून ओरडल्या, “हात लावू नगा! आदी चपला काडा!” सरपंचांनी चपला काढल्या. या गावात आत्याबाईंनी सांगितल्यावर काय काढायचं नाही, याचा विचार कुणी करत नाही, कारण निम्म्या गावाला पहिलं अंगडं त्यांनीच घातलेलं आहे.

प्रत्येक मशीनचा केस पेपर असतो. रुग्णाचं नाव ‘ग्रामपंचायतीचा काळा डबा’, वय ‘अंदाजे बारा’, तक्रार ‘चालू होतो, धापा टाकतो, बंद पडतो’. मालकाला समोर बसवून विचारपूस चालते. “कव्हापासून हाय? लाइट कमी-जास्त झाल्यावर का आपोआप? आवाज करायलाय का?” मग स्टेथोस्कोप हार्ड डिस्कला लावायचा, पंख्याला लावायचा, डोळे मिटून ऐकायचं. ताप बघायचा तो हाताच्या उलट्या बाजूनं. बोर्डावरचे ते छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर फुगलेले दिसले, की त्या मान हलवून म्हणतात, “सूज हाय.” मी एकदा हसलो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मीच जीभ बाहेर काढून दाखवली.

आता ड्युअल-कोरचं. दहावी-बारावीच्या पुस्तकांत, मास्तरांच्या व्याख्यानांत आणि खुद्द मी शाळेत घेतो त्या तासाला ज्या गोष्टीचा लोळागोळा होतो, ती आत्याबाईंनी उन्हाळ्यात पापड लाटता लाटता बायकांना समजावली, आणि मी ओट्यावर बसून फुकट शिकलो. म्हणाल्या, “मदरबोर्ड म्हंजे घर. प्रोसेसर म्हंजे चुलीपुडची सून. ड्युअल-कोर म्हंजे दोन जावा, दोन चुली, पण पाण्याचा रांजण, म्हंजे रॅम, एकच. आता एकच भाकर दोघींनी मिळून थापली तर लवकर व्हती का? न्हाई. पण एकीनं भाकरी थापल्या अन् दुसरीनं कालवण टाकलं, तर जेवण लवकर व्हतं. अन् रांजणापाशी दोघी एकदमच गेल्या, तर एकीला थांबावंच लागतं.” एक बाई म्हणाली, “आमच्यात तर मोठीच समदं करती, धाकली नुसती फिरती.” धाकली तिथंच बसलेली होती! लाटणं थांबलं, आवाज चढले. आत्याबाईंनी मध्ये पडून सांगितलं, की काम वाटून देणारा घरमालकच येडा असला तर जावांचा इलाज नाही. आणि मग जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “लोकं घराला कव्हाच काय म्हणत न्हाईत, समदी नावं सुनंलाच ठिवतात. प्रोसेसर सहसा मरत न्हाई बायांनो, खराबी घरात असती.” पापडाचं पीठ वाळायला लागलं तेव्हा कुठं लाटणी पुन्हा हलली.

त्यांच्या हातून चुका होत नाहीत असं मात्र नाही. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक मलम लावावा लागतो. एकदा तो संपला, तर आत्याबाईंनी औषधाच्या पेटीतला, खरजेला लावायचा जस्ताचा मलम लावला. दिसायला तस्साच! ग्रामपंचायतीचा डबा महिनाभर गुण्यागोविंदानं चालला आणि मग मलम वाळून त्याचा खडू झाला. ऐन दाखले काढायच्या गर्दीत मशीन तापून बंद. दुसरा कुणी असता तर लाइटवर ढकललं असतं. आत्याबाईंनी ग्रामपंचायतीत जाऊन सगळ्यांच्या देखत सांगितलं, “लाइटचा काय दोष न्हाई. म्या खरजेचा मलम लावला.” आणि केस पेपरवर लाल शाईनं लिहिलं, ‘चूक माझी’. ग्रामसेवक आठवडाभर ज्याला-त्याला ही गोष्ट सांगून पोट धरून हसत होते, पण त्यानंतर त्यांनी आपला घरचा कॉम्प्युटरही आत्याबाईंकडंच आणला.

जावई म्हणून माझा मान किती, तेही सांगतो. अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात, तेहेतीस अनारसे वाढतात, तबकात चांदीचं काहीतरी ठेवतात. मला सासू नसल्यानं हे सगळं आत्याबाई करतात. गेल्या धोंड्याला तबकावरचा रुमाल मी मोठ्या अपेक्षेनं उचलला, तर खाली प्लास्टिकच्या डबीत दोन जीबीची रॅम. डबीवर हळदीकुंकवाचं बोट. “चांदीपरीस कामाची हाय,” म्हणाल्या. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

त्याच जेवणात माझ्या तोंडून ते निघालं. मी गावच्याच शाळेत शिक्षक, आणि माझ्याकडं कॉम्प्युटर खोलीचा कार्यभार. कार्यभार म्हणजे किल्ली. खोलीत अकरा कॉम्प्युटर, सगळे जुने ड्युअल-कोर, सगळे बंद. वरून पत्र आलं, की निकामी साहित्याचं निर्लेखन करा, म्हणजे भंगारात काढा, यादी पाठवा. मी अकराही नावं लिहिली, प्रत्येकासमोर ‘तपासणी केली, दुरुस्तीयोग्य नाही’ असं लिहिलं आणि सही ठोकली. नऊ दिवसांनी समिती येणार, भंगाराचा टेम्पो येणार आणि त्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचणार. हे मी अनारसा मोडता मोडता, चांगलं काम उरकल्याच्या थाटात सांगितलं. आत्याबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच थांबली.

“तपासलं व्हतं?”

“त्यात काय तपासायचं, आत्याबाई? बटण दाबलं की चालू होत नाहीत.”

“झाकण काडलं व्हतं का?”

मी अनारशाकडं बघितलं.

“म्हंजे नाडी न बगता मेलं म्हणून लिवलं तुमी,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. “सातवीच्या पोरी शाळा सुटल्यावर माझ्याकडं येतात, म्हणतात सिस्टर, आमाला बी बोटं चालवायची हायेत. त्यानला म्या काय सांगू? की तुमच्या सरांनी दफन करून टाकलं?” तूप काही वाढलं नाही. तेहेतीसमधले एकोणतीस अनारसे ताटात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेत हजर! एका हातात औषधांची जुनी पेटी, दुसऱ्या हातात तारेचं भेंडोळं. मुख्याध्यापकांना नमस्कार केला. तेही त्यांच्याच हातच्या सुया खाल्लेले असल्यामुळं त्यांनी परवानगी देऊन वर चहा सांगितला. खोली उघडली आणि रोज शाळा सुटल्यापासून ऊन उतरेपर्यंत आमचं आठ दिवसांचं शिबिर सुरू झालं. मी नाराज होतो, उगाच कशाला खोटं सांगू? कागदावर सही झालेली, आता हे जिवंत झाले तर मीच खोटा पडणार होतो. मनातल्या मनात मी अकराही कॉम्प्युटर पक्के मेलेले असू देत असा धावा करत होतो.

पहिल्या डब्यात उंदराचं घर निघालं, तेही सहामाहीच्या माझ्याच प्रश्नपत्रिका कुरतडून बांधलेलं. दुसऱ्यात पालीची अंडी. तिसऱ्यात इतकी धूळ, की त्यात हरभरा पेरला असता. आत्याबाईंनी ब्रशनं झाडलं, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोकं खोडरबरानं घासली. खोडरबर संपले म्हणून मुलांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांतून बादलीभर जमा झाले. बोर्डावरच्या बटणासारख्या बॅटऱ्या बदलल्या, बटण दाबलं, आणि पहिला डबा ‘टिक्’ असं वाजून उजळला! पहिल्या तीन दिवसांत पाच मशीन उठली, आणि त्या पाचांना झालं काय होतं, तर फक्त धूळ आणि संपलेली बॅटरी. पाच! मी त्यांच्यासमोर ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

पुढं अवघड दुखणी निघाली. सूज आलेले कपॅसिटर काढून मेलेल्या बोर्डावरचे चांगले त्यांनी जिवंत बोर्डावर सोल्डर करून बसवले. “मेल्यावर डोळे दान करत्येत न्हाई का, तसं,” म्हणाल्या. असे आणखी दोन उठले. तिघांचे बोर्ड जळून काळे पडले होते, त्यांच्यापुढं हात टेकावे लागले. त्या तिघांचे केस पेपर त्यांनी पूर्ण भरले, कारणासकट. राहिला अकरावा. त्याचा प्रोसेसर बसतो त्या चौकोनातल्या केसासारख्या पिनांपैकी काही वाकलेल्या होत्या. कुणी वाकवल्या ते मला माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शहाणपणा करायला मीच गेलो होतो.

आत्याबाईंनी इंजेक्शनची सुई घेतली, वाकल्या, आणि सुई पिनेच्या शेजारी, मोकळ्या जागेत टेकवली. पुन्हा टेकवली. पुन्हा शेजारीच. हात दगडासारखा स्थिर, आणि सुई भलतीकडं. मला आधी वाटलं, काही युक्ती असेल. मग मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

“आत्याबाई, दिसतंय का तुम्हाला?”

“डाव्यानं दिसतंय की.”

“आणि उजव्यानं?”

“धुरकट हाय जरा.” सुई पुसून, “मोतीबिंदू. वर्ष झालं. दावाखान्यात तारीख दिलती मागल्या सोमवारची. आपरेशननंतर महिनाभर वाकायचं न्हाई, म्हणून म्या न्हाई गेले. इथं आठ दिवसांचं काम पडलंय, अन् डोळा काय पळून जायलाय का?”

मला काय वाटलं ते मी सरळच सांगतो. मला रडू आलं. गावभर लोकांना ‘दुखणं अंगावर काढू नगा’ म्हणून दरडावणारी ही बाई, माझ्या एका आळशी सहीपायी, अर्ध्या नजरेनं आठ दिवस माझ्यासमोर वाकून बसली होती, आणि मी मनातल्या मनात डबे मरोत म्हणत होतो.

“द्या ती सुई,” मी म्हणालो.

“तुमी?” त्या एवढ्या खळखळून हसल्या की तार खिडकीवर वाजली. पण सुई दिली. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं भिंग आणलं, मी खाली वाकलो, त्यांनी मागून माझं मनगट धरलं. डोळे माझे, हात म्हणायला माझा, पण सगळी समज त्यांची. “दम रोकू नगा. श्वास सोडताना हलवा. ढकलायचं न्हाई, उटवायचं. झोपल्या लेकराला उटवतो तसं.” पहिली पिन उभी राहायला माझा शर्ट भिजला. सातवी पिन सरळ झाली तेव्हा मी स्वतःचं नाव विसरलो होतो. प्रोसेसर बसवला, मलम लावला (खराखुरा), पंखा बसवला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एक बारीक बीप आला, पडदा उजळला, आणि मी, सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस, सातवीच्या पोरासारखा किंचाळलो. आत्याबाईंनी पंख्याच्या बुडाशी उलटा हात ठेवला. “हाय,” म्हणाल्या, “जित्तं हाय.”

नवव्या दिवशी समिती आली. एक साहेब, एक बाबू, मागं टेम्पो. खोलीत आठ मशीन गुणगुणत होती. साहेब चकित झाले, बाबू मात्र झाला नाही. त्यानं यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, “चालू असतील हो सर, पण कागदावर हे अकराही निकामी आहेत. तपासणी करणाऱ्याचीच सही आहे. आता सोडले तर आम्ही काय लिहायचं? न्यावेच लागतील.” हमालानं तेवढ्यात पहिल्या मशीनची वायर उपटली. पडदा काळा झाला. दारात जमलेल्या मुली आत सरकल्या.

एकच उपाय होता आणि तो तिथल्या सगळ्यांना कळत होता. तपासणी न करताच सही केली, असं मी माझ्या हातानं लिहून द्यायचं. त्याचा अर्थ नोटीस, खुलासा, सेवापुस्तकात लाल शेरा, आणि मुलांसमोर, सहकाऱ्यांसमोर खाली मान. मी पेन खिशातून काढलं आणि उगाच टोपण लावत-काढत राहिलो. वाटलं, साहेब काहीतरी पळवाट सांगतील. साहेब खिडकीबाहेर टेम्पोकडं बघत होते.

“लिवा, जावई,” आत्याबाई हळूच म्हणाल्या. “चुकलं म्हणून लिवायला काय शाई जास्त लागत न्हाई.”

मी लिहिलं. उभ्यानंच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. ‘अकरापैकी एकाही यंत्राचे झाकण न उघडता मी अहवाल दिला होता. तो चुकीचा आहे. आठ यंत्रे चालू स्थितीत आहेत.’ साहेबांनी दोनदा वाचलं, माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं आणि हमालाला सांगितलं, “ती वायर लाव परत.” टेम्पोत तीन काळे सांगाडे गेले. तांदळाची पोती मुख्याध्यापकांच्या खोलीत रचली, ते अजून त्यांच्यामागून डोकं काढून बोलतात. नोटीस यायची ती आली, खुलासा मी एका ओळीत दिला, शेरा बसला. झोप मात्र शांत लागते.

पुढच्या सोमवारी मी स्वतः आत्याबाईंना परभणीला घेऊन गेलो. डोळा छान झाला. महिनाभर त्यांना वाकू द्यायचं नाही, हे काम माझ्या बायकोनं केलं, आणि ते पिना सरळ करण्यापेक्षा अवघड होतं. महिना संपताच पहिली स्वारी शाळेत. दारात उभ्या राहिल्या. एका मशीनपुढं तीन-तीन जणी बसलेल्या, बोटं चालू, कुणाचं नाव चुकत होतं, कुणाचं जुळत होतं. आत्याबाई बराच वेळ एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. वर्षभर त्यांना ही तोंडं धड दिसली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं.

मी माझ्या टेबलामागची खुर्ची पुढं सरकवली. टेबलावर शेजारच्या गावातल्या शाळेचा एक बंद डबा येऊन पडला होता, आणि मी तो त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. त्यांनी तो बघितला, मग स्वतःचे हात उलटे करून बघितले. नव्या डोळ्यानं बहुतेक पहिल्यांदाच. शिरा वर आलेल्या, कातडी सैल झालेली.

“डोळा नवा बसवला, जावई, पण हात जुनेच हायेत की,” त्या हसून म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. “आता तुमी करा. म्या बगते.”

मी कोपरापर्यंत हात धुऊन आलो आणि झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला.